लहान भोजनव्यवसायाला समाजमाध्यमांची जोड

स्वयंपाक करून दुसऱ्यास जेवू घालणे आणि त्यावर आपला संसार चालविणे हा महाराष्ट्रातील स्त्रियांचा जुना उद्योग आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंबापासून दूर, चाळीतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत असत. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय आसपासच्या खाणावळवाल्या बायकांनी केली. या स्त्रियांची सावकारी कर्जातून सुटका व्हावी व त्यांना बँकेचे कर्ज मिळावे, या हेतूने प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्यापूर्वी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातील सात स्त्रियांनी उसने घेतलेल्या ८० रुपयांच्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला होता आणि त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली.

खाणावळवालीला जाहिरातीची गरज भासली नाही. गावाकडून नवा माणूस कामास आला की भाकरी कोठे चांगली मिळते, कोण उधारी सांभाळून घेते, हे त्याला खोलीतील जुने सोबती सांगत. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी गेलेला शब्द हेच तिचे प्रसिद्धीचे साधन होते. आज तोच शब्द मोबाइल फोनवरून जातो. लहान व्यावसायिकांसाठी असलेले ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे उपयोजन जानेवारी २०१८ मध्ये भारतात उपलब्ध झाले. २०२० च्या टाळेबंदीत अनेक गृहनिर्माण संस्थांतील रहिवासी आपल्या फोनवरील गटांतूनच डबे, भाजीपाला व फराळ मागवू लागले आणि घरबसल्या खाद्यपदार्थ विकणाऱ्या स्त्रियांना ग्राहक मिळविण्याची एक नवी वाट दिसली.

ही वाट उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि तिचा स्वभाव नीट ओळखणे अगत्याचे आहे. समाजमाध्यमे शब्द दूरवर आणि त्वरित पोचवितात; परंतु चूल, हात आणि वेळ यांत त्यामुळे तिळमात्र वाढ होत नाही. प्रसिद्धी एका सायंकाळी दहापट होऊ शकते, स्वयंपाकघर होऊ शकत नाही. म्हणून जाहिरात ही नेहमी स्वयंपाकघराच्या मापाने बेतली पाहिजे. लहान भोजनव्यवसायात समाजमाध्यमांचा वापर कसा करावा, या प्रश्नाचे सर्व उत्तर या एका सूत्रात सामावलेले आहे. बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी या सूत्राचा विस्तार ध्यानी घ्यावा, हा या लेखाचा उद्देश आहे.

कोणते माध्यम कशासाठी?

सर्वच माध्यमांवर एकाच वेळी धाव घेण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक माध्यमाचे काम निराळे आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस हे मुख्यतः ओळखीच्या ग्राहकांसाठी होय. त्यात व्यवसायाचे नाव, पत्ता व कामाची वेळ नोंदविता येते. पदार्थांची छायाचित्रे व दर यांची सूची ठेवता येते. ‘नवी मागणी’, ‘पैसे मिळाले’, ‘पोच झाली’ अशा खुणा ग्राहकांच्या नावांना लावता येतात आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवता येतात. अनेकांना एकच संदेश पाठविण्याची सोयही त्यात आहे. परंतु ज्या ग्राहकाने व्यवसायाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच असा संदेश पोचतो. म्हणजे येथेही ओळख आधी आणि जाहिरात नंतर, हा जुना क्रम कायम आहे. न विचारता संदेशांचा भडिमार केल्यास लोक तो क्रमांक रोखतात आणि अशा तक्रारी वाढल्यास कंपनी तो क्रमांक बंदही करू शकते.

फेसबुक व इन्स्टाग्राम यांचा उपयोग अनोळखी ग्राहकांपर्यंत पोचण्यासाठी होतो. तेथे पैसे भरून जाहिरात करावयाची झाल्यास ती ठराविक गाव व त्याभोवतीचे काही किलोमीटर एवढ्यापुरती मर्यादित ठेवता येते. ताजे अन्न विकणाऱ्याने ही मर्यादा अवश्य घालावी. साताऱ्याच्या स्वयंपाकघरातील पुरणपोळी नागपूरच्या दहा हजार लोकांनी फोनवर पाहिली, तरी त्यातून एकही डबा विकला जात नाही.

गूगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद ही तिसरी सोय. परगावाहून आलेला प्रवासी किंवा कार्यासाठी आचारी शोधणारे कुटुंब प्रथम तेथे पाहते. ही नोंद विनामूल्य होते. घरूनच स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला आपल्या घराचा पत्ता प्रसिद्ध करावयाचा नसेल, तर तो न दाखविता केवळ सेवेचे क्षेत्र दाखविता येते.

नवख्या गटाने पहिले सहा महिने व्हॉट्सॲप आणि नकाशावरील नोंद एवढ्यावरच भागवावे. ते अंगवळणी पडल्यावर तिसऱ्या माध्यमाकडे वळणे श्रेयस्कर.

प्रसिद्धीपूर्वीची सिद्धता

अन्नाची विक्री घरातून होवो वा दुकानातून, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ तिला लागू होतो. लहान व्यावसायिकाने नोंदणी करावयाची आणि मोठ्याने परवाना घ्यावयाचा, अशी व्यवस्था २०११ च्या विनियमांनी केली. त्या वेळी नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये ठरविण्यात आली होती. मर्यादा व शुल्क यांत वेळोवेळी फेरबदल होत असल्याने अर्ज करण्यापूर्वी ‘फॉस्कॉस’ या शासकीय संकेतस्थळावर किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात चालू नियम पाहून घ्यावा. नोंदणीनंतर १४ अंकी क्रमांक मिळतो. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक पावतीवर नमूद करणे बंधनकारक झाले आहे. तोच क्रमांक दरपत्रकावर व माध्यमांवरील पानावर ठळकपणे दिल्यास अनोळखी ग्राहकाच्या मनातील पहिली शंका दूर होते.

नोंदणी हा कागद झाला. त्यामागील आचार अधिक महत्त्वाचा आहे. शिजविलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात फार वेळ राहिल्यास त्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, हा दंडक आहे. पाणी पिण्यायोग्य असावे, कच्चे व शिजलेले पदार्थ वेगळे ठेवावेत, जुलाब वा उघडी जखम असलेल्या व्यक्तीने त्या दिवशी स्वयंपाकात हात घालू नये. या गोष्टी ओळखीच्या दहा घरांना डबा देतानाही आवश्यकच असतात. मात्र समाजमाध्यमांमुळे दहाची शंभर घरे झाली म्हणजे एका चुकीचा परिणामही दहापट होतो.

क्षमतेचा हिशेब

गणेशचतुर्थीच्या उकडीच्या मोदकांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरेल. वर्षातून एका सकाळी सर्वांना एकाच वेळी लागणारा, आदल्या दिवशी करून न चालणारा आणि नैवेद्याची वेळ टळल्यास निरुपयोगी होणारा असा हा पदार्थ आहे. समाजमाध्यमांवर त्याची छायाचित्रेही देखणी दिसतात. त्यामुळे मागण्यांचा पूर येतो आणि नेमकी येथेच होतकरू गटाची परीक्षा होते.

समजा, कोकणातील एका तालुक्याच्या गावी पाच स्त्रियांचा गट आहे. आदल्या सायंकाळी नारळ खवून सारण शिजवून ठेवले आहे. पहाटे पाच वाजता उकड काढून काम सुरू होते. एक स्त्री उकड मळते व मोदकपात्र सांभाळते, एक डबे भरते आणि तिघी मोदक वळतात. एका स्त्रीने तासाला ३० मोदक वळले, असे धरल्यास तिघींचे तासाला ९० आणि नऊ वाजेपर्यंतच्या चार तासांत ३६० मोदक होतात. काही फुटतात, काहींच्या कळ्या मोडतात. त्यासाठी ३० वगळल्यास ३३० मोदक, म्हणजे अकरा मोदकांचे ३० डबे, हे या गटाचे सामर्थ्य झाले.

आता वाफवण्याकडे पाहू. एका मोदकपात्रात २५ मोदक बसतात आणि एका खेपेस १५ मिनिटे लागतात, असे मानल्यास तासाला १०० मोदक वाफवून होतात. तासाला ९० मोदक वळले जात असल्याने एक पात्र कसेबसे पुरते. एक खेप जरी लांबली तरी पुढचे सारे वेळापत्रक कोलमडेल. तेव्हा दुसरे पात्र हाताशी असणे आवश्यक आहे.

यापुढील पायरी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एका दुचाकीवरून एका घरी डबा पोचवून पुढच्या घरी जाण्यास सरासरी १० मिनिटे लागली, तर ३० घरांना ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास लागतील. सकाळी सातला निघालेली दुचाकी शेवटच्या घरी दुपारी बाराच्या सुमारास पोचेल. तोवर आरतीची वेळ होऊन गेलेली असेल. म्हणजे मोदक ३३० होऊ शकतात, परंतु ते वेळेवर पोचू शकत नाहीत. यावर उपाय दोन. एक तर दुसरी दुचाकी ठरवावी, किंवा १५ डबे घरपोच द्यावेत व उरलेले १५ ग्राहकांनी स्वतः येऊन न्यावेत, असे आधीच स्पष्ट करावे.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गटाने एखाद्या सुटीच्या दिवशी घड्याळ लावून प्रत्यक्ष काम करून आपले आकडे काढावेत. जी पायरी सर्वांत संथ असेल, तीच सर्व व्यवसायाची मर्यादा ठरविते. ती मर्यादा गाठताच ‘या दिवसाच्या मागण्या पूर्ण झाल्या आहेत’ असा संदेश लावून मागणी घेणे थांबवावे. एकतिसाव्या ग्राहकास नम्रपणे दिलेला नकार पुढील वर्षी त्याला लवकर मागणी नोंदविण्यास प्रवृत्त करतो. होकार देऊन झालेला उशीर मात्र आधीच्या तीस ग्राहकांनाही दुरावतो.

दर ठरविताना श्रमाचे मोल

समाजमाध्यमांवर इतरांचे दर सहज दिसतात. त्यामुळे त्यांच्यापेक्षा दोन रुपये कमी लावण्याचा मोह होतो. वरील उदाहरणच पुढे नेऊ. समजा, एका मोदकास नारळ, गूळ, तांदळाची पिठी, तूप आदी साहित्य १५ रुपयांचे लागते. ३३० मोदकांचे साहित्य ४,९५० रुपये, गॅस व डबे ९९० रुपये आणि १५ घरांच्या पोचेचा खर्च ६०० रुपये, असा रोख खर्च ६,५४० रुपये होतो. शेजारच्या गावातील कोणी २५ रुपयांस मोदक विकतो म्हणून गटानेही तोच दर लावला, तर जमा ८,२५० रुपये होते. हाती १,७१० रुपये उरलेले पाहून नफा झाला, असे सर्वांना वाटते.

परंतु पाच स्त्रियांनी आदल्या सायंकाळी दोन तास व त्या दिवशी पाच तास, असे एकूण ३५ तास काम केलेले असते. १,७१० रुपयांची वाटणी केली तर तासाला ४९ रुपयेही पडत नाहीत. त्यांचे श्रम तासाला ७० रुपयांचे धरले तर मजुरीच २,४५० रुपये होते. म्हणजे नफा दूरच, ७४० रुपयांची तूट आली. ही तूट वहीत कोठेच दिसत नाही, कारण ती स्त्रियांच्या अंगमेहनतीतून परस्पर भरून काढलेली असते. मजुरी धरून एका मोदकाचा खर्च सुमारे २७ रुपये २५ पैसे येतो. ३० रुपये दर लावल्यास जमा ९,९०० रुपये होऊन मजुरी वजा जाता ९१० रुपये गटाच्या निधीत पडतात. नवे मोदकपात्र घ्यावयाचे ते याच रकमेतून.

ज्या दरात श्रमाचे मोल धरलेले नाही, त्या दरावर समाजमाध्यमांतून जितकी अधिक विक्री होईल, तितके त्या स्त्रियांचे अधिक नुकसान होईल. प्रसिद्धीचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक शिबिरात हा हिशेब आधी शिकविला गेला पाहिजे.

जाहिरातीचा मजकूर व छायाचित्र

चांगल्या जाहिरातीत ग्राहकाच्या सर्व प्रश्नांची उत्तरे असतात. वानगीदाखल पुढील मजकूर पाहावा :

‘गणेशचतुर्थीनिमित्त उकडीचे मोदक. ११ मोदकांचा डबा ३३० रुपये. मागणी चतुर्थीच्या चार दिवस आधी सायंकाळी सहापर्यंत. एकूण ३० डब्यांचीच मागणी घेतली जाईल. घरपोच सेवा गावाच्या हद्दीत, पहिल्या १५ मागण्यांसाठी; इतरांनी सकाळी ९ ते १० या वेळेत डबा न्यावा. साहित्य : तांदळाची पिठी, ओला नारळ, गूळ, तूप, वेलची. त्याच दिवशी खावेत. नोंदणी क्रमांक …’

या मजकुरात एकही विशेषण नाही. तरीही ग्राहकाला हवे ते सर्व आहे. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘एकमेव’, ‘आरोग्यदायी’ अशा शब्दांनी विश्वास वाढत नाही. शिवाय कायद्याचीही बंधने आहेत. २०१८ च्या जाहिरात व दावे विषयक विनियमांनुसार ‘घरी बनविलेले’ यांसारखे शब्द ग्राहकाचा गैरसमज होईल अशा रीतीने वापरता येत नाहीत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर व जाहिरातीत ‘शंभर टक्के’ हा शब्दप्रयोग टाळावा, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये व्यावसायिकांना कळविले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कारवाई होऊ शकते. शेंगदाणे, काजू, दूध यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून साहित्याची यादी देणे हे कर्तव्यच समजावे.

छायाचित्रासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, स्वच्छ ताटात वाढलेल्या पदार्थाचे चित्र पुरेसे असते. मात्र ते आपल्याच पदार्थाचे असावे. दुसऱ्याचे देखणे चित्र उचलून लावल्यास ग्राहक डबा उघडताच दोन्हींची तुलना करतो आणि विश्वास तेथेच संपतो. स्वयंपाकघर, डोक्याला बांधलेली फडकी, झाकलेली भांडी यांची चित्रेही द्यावीत. परगावच्या ग्राहकास स्वयंपाकघर पाहण्याचा तोच एक मार्ग आहे. ग्राहकाच्या घरच्या कार्याची, विशेषतः मुलांची छायाचित्रे त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत. पैसे अथवा फुकट जेवण देऊन कोणाकडून स्तुती करवून घेतली असेल, तर तसे त्या मजकुरात उघड सांगणे आवश्यक आहे.

वर्षभराचे नियोजन ऋतू आणि सण यांच्या क्रमाने करावे. संक्रांतीस गुळाची पोळी, होळीस पुरणपोळी, श्रावणात उपवासाचे पदार्थ, दिवाळीत फराळ, हा क्रम ग्राहकाच्या अंगवळणी पडलेलाच आहे. चकली, शंकरपाळे, लाडू हे टिकाऊ पदार्थ टपालाने वा कुरिअरने दूर पाठविता येतात. त्यांची जाहिरात पुणे-मुंबईत आणि परदेशी असलेल्या गावकऱ्यांपर्यंत नेण्यास हरकत नाही. पोळी-भाजीच्या डब्याची जाहिरात मात्र दुचाकी जेथवर जाते, तेथवरच करावी.

मागणीची नोंद आणि फसवणुकीपासून सावधगिरी

फोनवरील संभाषणात मागण्या हरवतात. म्हणून प्रत्येक मागणी वहीत उतरवून घ्यावी. तारीख, नाव, पदार्थ, नग, वेळ, आगाऊ रक्कम, बाकी, असे सात रकाने पुरतात. वहीत उतरविल्यावर ग्राहकास तोच तपशील लिहून पाठवावा व त्याचा होकार घ्यावा. मोठ्या मागणीस निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची प्रथा ठेवावी. त्यामुळे साहित्य उधारीवर आणावे लागत नाही आणि पोकळ मागण्या आपोआप गळून पडतात.

या ठिकाणी एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. एखादी अनोळखी व्यक्ती फोन करून आपण सैन्यात अधिकारी असल्याचे सांगते, एकदम शंभर ताटांची मागणी देते, घासाघीस न करता दर मान्य करते आणि आगाऊ रक्कम पाठविण्यासाठी म्हणून एक क्यूआर संकेत पाठवून तो स्कॅन करावयास व पिन टाकावयास सांगते. पिन टाकताच पैसे येण्याऐवजी खात्यातून जातात. अशा प्रकारे लहान खानावळी व आचारी यांची फसवणूक झाल्याची उदाहरणे देशभर आढळली आहेत. यूपीआय पद्धतीत पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. जितकी त्वरा होईल, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

तक्रारीचे उत्तर

पूर्वी भाजी खारट झाली तर ग्राहक ते बाईच्या तोंडावर सांगे व विषय तेथेच मिटे. आता तो ते चारचौघांसमोर लिहितो. अशा वेळी वाद घालणे, ग्राहकास खोटे पाडणे किंवा नातेवाइकांकडून उलट उत्तरे लिहविणे हे सर्वथा अनुचित होय. त्याच दिवशी थोडक्यात उत्तर द्यावे. चूक असल्यास मान्य करावी, पैसे परत करावेत किंवा पदार्थ बदलून द्यावा आणि पुढे काय सुधारणा केली, ते सांगावे. हे उत्तर त्या एका ग्राहकापेक्षाही ते वाचणाऱ्या इतरांसाठी असते. कोणास त्रास झाल्याचे कळले, तर प्रथम वैद्यकीय मदतीची विचारपूस करावी व त्या पदार्थाची उर्वरित विक्री तत्काळ थांबवावी. प्रत्येक मोठ्या मागणीतील पदार्थाचा लहानसा नमुना स्वच्छ डबीत शीतकपाटात काढून ठेवण्याची सवय अशा प्रसंगी उपयोगी पडते.

क्रमांक कोणाच्या हाती?

गटाच्या व्यवसायात एक नाजूक प्रश्न उद्भवतो, त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. फोन एखाद्या सदस्येच्या मुलाचा असतो. पान त्याच्याच नावाने उघडलेले असते. पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात. दोन वर्षे कष्ट करून जोडलेले शेकडो ग्राहक त्या एका क्रमांकाशी बांधलेले असतात. मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला किंवा गटात मतभेद झाले, तर बाकीच्या स्त्रियांच्या हाती स्वयंपाकाच्या कौशल्याखेरीज काहीच उरत नाही. फोनवरील क्रमांक हेच आजचे दुकान आहे. दुकान कोणाच्या मालकीचे, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे.

यासाठी गटाच्या ठरावाने स्वतंत्र सिमकार्ड घ्यावे. क्यूआर संकेत गटाच्या बँक खात्याशी जोडलेला असावा. व्हॉट्सॲपवर सहा अंकी पिनचे दुहेरी संरक्षण लावून तो पिन दोन सदस्यांना ठाऊक असावा. फेसबुकच्या पानाचे व्यवस्थापन किमान दोघींकडे असावे. मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर तेच व्हॉट्सॲप खाते चालविता येत असल्याने एकीवरच सर्व भार टाकण्याचे कारण नाही. मागण्या घेण्याचे काम पाळीपाळीने करावे; म्हणजे सर्व जणी ते शिकतात. तरुण मुलांचे साहाय्य अवश्य घ्यावे, परंतु साहाय्य आणि ताबा यांतील भेद विसरता कामा नये.

शिक्षक, पंचायत व अधिकारी यांचे कर्तव्य

महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. नाबार्डचा बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम १९९२ मध्ये आणि राज्याचे ‘उमेद’ अभियान २०११ मध्ये सुरू झाले. या प्रयत्नांमुळे कर्ज व संघटन यांची बैठक गावोगाव तयार झाली आहे. आता विपणनाच्या प्रशिक्षणात योग्य क्रम राखणे, हे पुढचे काम आहे. प्रथम स्वच्छता व नोंदणी, नंतर क्षमता व दर यांचा हिशेब, त्यानंतर वही आणि सर्वांत शेवटी छायाचित्र व जाहिरात, असा तो क्रम असावा. हा क्रम उलटा झाला, तर प्रशिक्षण घेतलेला गट प्रसिद्धी मिळवून पहिल्याच सणाला नाव गमावून बसतो.

शिक्षकांना यात मोलाचा वाटा उचलता येईल. दरपत्रकाची भाषा शुद्ध व निःसंदिग्ध करून देणे, आगाऊ रक्कम व बाकी यांची वही घालून देणे ही कामे त्यांच्या हातची आहेत. मोदकांचा वरील हिशेब आठवीच्या वर्गात गणित म्हणून घालता येईल. आपल्या आईच्या श्रमांची किंमत मुलांना त्यातून कळेल, हा लाभ निराळाच.

ग्रामपंचायतीने गावच्या पाण्याची तपासणी वेळेवर करून तिचा अहवाल गटास उपलब्ध करून द्यावा. ओल्या कचऱ्याची व सांडपाण्याची व्यवस्था लावावी. पंचायतीच्या फोनगटावर एखाद्याच गटाची जाहिरात न करता गावातील सर्व नोंदणीकृत गटांची यादी समान रीतीने प्रसिद्ध करावी. सार्वजनिक पैशातून भोजनाची व्यवस्था करावयाची असेल, तेव्हा रीतसर दरपत्रके मागवूनच ती द्यावी. सदस्याचे नातेवाईक गटात असतील तर ते उघड सांगावे. असे केल्याने गटाचाही मान राहतो आणि पंचायतीचाही.

यशाचे माप

समाजमाध्यमांवर पसंतीच्या अंगठ्यांची संख्या डोळ्यांसमोर सतत असते आणि तेच यशाचे माप आहे, असा समज होतो. वहीतील माप निराळे आहे. गेल्या वर्षी मागणी देणाऱ्या ३० घरांपैकी किती घरांनी यंदा पुन्हा मागणी दिली, हे दरवर्षी मोजावे. तीसपैकी पंचवीस घरे परत आली, तर व्यवसाय योग्य मार्गावर आहे. पाचच आली, तर आणखी जाहिरात करण्यापूर्वी स्वयंपाकघर, दर आणि पोच यांकडे पाहावे.

गिरणगावातील कामगार पगाराच्या दिवशी महिन्याचे पैसे खाणावळवालीच्या हाती ठेवी, कारण गेला महिनाभर त्याला वेळेवर आणि पोटभर जेवण मिळालेले असे. आज तेच पैसे फोनवरून येतात, त्यामागील कारण मात्र बदललेले नाही.